गूळ न खाल्लेला गुळव्या

कडू अण्णांनी उभ्या जन्मात गूळ खाल्ला नाही. गूळ करणं हाच त्यांचा धंदा होता, आणि कागलपासून बिद्रीपर्यंत त्यांच्यासारखा गुळव्या नव्हता असं जुनी माणसं सांगायची. पण गूळ त्यांच्या तोंडात कधी गेला नाही. त्यांना शिकवणाऱ्या वस्तादानं पहिल्याच दिवशी तशी आण घातली होती. गुढीपाडव्याला घरोघर कडुनिंबाचा पाला आणि गूळ असा प्रसाद देतात. अण्णा त्यातला नुसता पाला उचलायचे, चावून चावून खायचे आणि हात झटकायचे. त्यावरून त्यांना कडू अण्णा हे नाव पडलं. खरं नाव रेशनकार्डावर असेल, मला ते आठवत नाही.

माझ्या मामांचं गुऱ्हाळ बिद्रीच्या अलीकडे नदीकाठाला होतं. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं ते पाडव्याच्या पुढंमागं विझायचं. त्या चार-पाच महिन्यांत अण्णा घरी झोपायला तेवढे जायचे, आणि बऱ्याचदा तेही नाही. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून ते मळी काढून टाकत. मग पाकाकडे नुसते बघत उभे राहत. वेळ आली की शेजारच्या गडव्यातल्या गार पाण्यात बोटं बुडवायची, तीच बोटं उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात धरून वळायचा आणि काहिलीच्या काठावर मारायचा. त्याचा आवाज कान देऊन ऐकायचा. आवाज मनासारखा आला की म्हणायचे, "उतरवा." सगळी धावाधाव त्या एका शब्दावर व्हायची.

मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, जरा चाखून बघितलं तर काय बिघडतं?"

"जीभ लाचखाऊ असती, भाचं," ते म्हणाले. "गोड मिळालं की हो म्हणती. कान लाच घेत न्हाय."

मी मालकांचा भाचा म्हणून सगळं गाव मला 'भाचं' म्हणायचं. अण्णाही म्हणायचे, फक्त त्यांच्या तोंडी त्यात थोडी थट्टा असायची.

साठच्या दशकाच्या अखेरीला मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत औषधाचं दुकान घातलं. आजूबाजूला गुळाच्या अडती होत्या, त्यामुळे गाड्यांबरोबर अण्णाही यायचे. अडत्यानं गुळाचा रवा फोडून आतला रंग बघितला, की अण्णांकडे न बघताच तो म्हणायचा, "कडूचा हाय." मग अण्णा माझ्या दुकानात येऊन बाकावर बसायचे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला पोऱ्या चहा आणायचा. एक साधा आणि एक बिनसाखरेचा. तो पोऱ्या दर वेळी विचारायचा, "बिनसाखरेचा कुणाला?" आणि अण्णांनी हात पुढं केला की हसायचा. अण्णा माझ्या कपाटांवरून नजर फिरवून म्हणायचे, "तुमचं बरं हाय, भाचं. आमचा माल पावसाळा लागला की रडाय लागतो. तुमचा बाटलीत बसून हसतोय."

अण्णांना दमा होता. आयुष्य चुलवाणाच्या धुरात आणि उसाच्या वाळल्या चिपाडाच्या भुसकटात गेलेलं. हंगामात छाती वाजायची. पाक वळता वळता ते मध्येच खाली बसायचे, दोन्ही हात गुडघ्यावर टेकायचे आणि श्वास ओढायचे. एका हिवाळ्यात दमा इतका वाढला की गाडीत घालून त्यांना कोल्हापूरला आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आठवड्यापुरत्या गोळ्या लिहून दिल्या. माझ्याच दुकानातून त्या गेल्या. बारक्या, पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या.

आठवड्यानं अण्णा आले ते दुकानाच्या पायऱ्या दोन-दोन करत चढून. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. ती मागून धापा टाकत येत होती आणि हे पुढं हसत उभे. "भाचं, काय दिलंसा ह्ये? छातीत कुणी खिडकी उघडली म्हणायची."

चिठ्ठी संपली होती. परत डॉक्टरांकडे जा, असं मी म्हणायला हवं होतं, आणि म्हटलंही. अण्णा म्हणाले, "हंगाम भरात हाय. डाक्टरकडं दिवस जातोय." त्याच संध्याकाळी मामांचा निरोप आला, "दे रे त्याला. चुलवाण थांबाय नको." मी दिल्या. पुढच्या महिन्यात परत दिल्या. मग विचारायचंही बंद झालं. गुळाची गाडी शाहूपुरीत आली की गोळ्यांची पुडी गावाकडे जायची. आधी हंगामापुरती, मग वर्षभर. असं बरीच वर्षं चाललं.

या गोळ्यांना स्टेरॉईड म्हणतात. कोल्हापुरात आता रिक्षावाल्यालाही तो शब्द माहीत आहे, तेव्हा तो डॉक्टरांचा आणि आमचा होता. आपल्या शरीरात मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या जो रस रोज थोडा थोडा करतात त्याचीच ही बाहेरून दिलेली नक्कल. थोड्या दिवसांसाठी ती जीव वाचवते. फार दिवस घेतली तर अंगाचा सगळा हिशेबच फिरवते. औषध कंपनीचा माणूस दुकानात यायचा, त्यानं मला हे स्पष्ट सांगितलं होतं. चेहरा सुजतो, कातडी पातळ होते, रक्तात साखर चढते. "काउंटरवरून देऊ नका," असंही तो म्हणाला होता. मी मान डोलावली होती. त्या वेळी मागच्या कप्प्यात अण्णांची पुडी बांधून तयार होती.

बदल हळूहळू झाले, त्यामुळे ते सगळ्यांना चांगलेच वाटले. अण्णा मुळात चिपाडासारखे वाळके. त्यांचा चेहरा गोल झाला, गाल लाल झाले, पोट सुटलं. मानेच्या मागं मांसाची गादी आली. आमच्याकडे माणूस अंगानं भरला की त्याचं बरं चाललंय असं समजतात. गावात बायका आक्काला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." आक्का मात्र एकदा मला म्हणाली, "पाय बघितलासा काय त्येंचं? वरनं माणूस वाढतोय आणि पाय काटकीगत." भूक तर अशी की भाकरी थापताना तिचा हात दुखायचा. काहिलीचा काठ नुसता घासला तरी हातावर जांभळे डाग उठायचे. अण्णा ते डाग मोजून दाखवायचे आणि हसायचे. "म्हातारपणी गोंदून घ्यायचं तेवढं राहिलं हुतं, तेबी झालं."

मग पायाला चिपाडाचं कुसळ लागलं आणि ती जखम भरेना. मीच त्यांना शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्या काळी साखर बघायची तर दवाखान्यातच काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवी उकळायचे. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं तांबडं. अण्णा टक लावून बघत होते.

"आधण झालं की," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. "काय करता तुम्ही?"

"गुळव्या हाय जी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "मग आणखी काय होणार? गूळ बंद करा आधी."

"मी गूळ खाईत न्हाय."

"सगळे असंच म्हणतात, बाबा."

अण्णांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले. "भाचं, तुमी तरी सांगा की. तुमास्नी ठावं हाय."

मी डॉक्टरांना सांगू शकत होतो की हा माणूस खरं बोलतोय. पण त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग साखर आली कुठून? दुसरी औषधं कोणती चालू आहेत? कोण देतं? मी म्हणालो, "तसे ते फारसे खात नाहीत." 'फारसे' हा शब्द मी का घातला ते मला त्याच क्षणी कळत होतं. अण्णांनाही कळलं असावं. बाहेर पडल्यावर ते माझ्यासाठी न थांबता एसटी स्टँडकडे चालायला लागले.

गावात बातमी आमच्या आधी पोहोचली. कडू अण्णाला साखर झाली. गुळव्याला साखर होणं म्हणजे काय ते लोकांना वेगळं सांगायला नको होतं. पारावर जो तो म्हणायचा, "चोरून खात हुता की. इतकी वर्सं आमास्नी पाला खाऊन दावला." मामांना त्यांच्या आजारापेक्षा याचाच राग आला. मला म्हणाले, "गुऱ्हाळावर गूळ कोण खात न्हाय? मी खातो, जळण घालणारा खातो, कुत्रं खातं. खाल्ला म्हणून मी काय म्हणणार हुतो? पण वस्तादाची आण सांगायची आणि मागनं खायचा? असल्या माणसाच्या कानावर मी कशी काहिल उतरवू?" आणि मग जरा वेळानं, "तू औषधवाला हाईस. दुसऱ्या कशानं हुतं का रे असं?"

मी म्हणालो, "वयानं होतं कधी कधी."

त्या पाडव्याला गुऱ्हाळावर प्रसाद वाटला. दरवर्षीप्रमाणे ताट अण्णांपुढं आलं आणि सगळे काम सोडून बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या की आता गूळ. कुणाला भ्यायचं?" दोघं-तिघं हसले. अण्णांनी पाला उचलला. नेहमीसारखाच चावून चावून खाल्ला. "घरी जाऊन गोड करत्याल तोंड," दुसरा म्हणाला. अण्णांनी हात झटकले, गडव्यातलं पाणी काहिलीच्या कडेला ओतलं, गडवा पालथा घातला आणि निघाले. पुढच्या दिवाळीला मामांनी शिरोळकडचा गुळव्या आणला. अण्णांचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकत होता, तोही गुऱ्हाळ सोडून दूध संस्थेत कामाला लागला. लोकांच्या तोंडाला तो कंटाळला होता.

या सगळ्यानं मी घाबरलो. अण्णांची कीव आली होती हे खरं, पण भीती स्वतःची जास्त होती. पुढच्या वेळी ते गोळ्यांना आले तेव्हा मी सांगितलं, "त्या आता येत नाहीत. बंदच झाल्या." कपाटात डबा भरलेला होता. मला वाटलं, विष थांबवलं म्हणजे चांगलंच केलं. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकाएकी तोडायची नसते, हे मला अर्धवट माहीत होतं आणि अर्धवट ज्ञानाला सोयीचं तेवढंच आठवतं.

आठ-दहा दिवसांत अण्णा आडवे झाले. उलट्या, डोळ्यांपुढं अंधार, उठून बसता येईना. मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा नाडी बोटाला लागत नव्हती. तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं अण्णांचा चेहरा बघितला, मान बघितली, पोटावरचे जांभळे पट्टे बघितले आणि आक्काला पहिलाच प्रश्न विचारला, "हे कुठल्या गोळ्या घेत होते?" आक्कानं कनवटीतून रिकामी पुडी काढून दिली. लगेच सलाईनमधून तेच औषध सुरू झालं, आणि दोन दिवसांत अण्णा उशीला टेकून बसले.

डॉक्टरनं त्यांना समजेल असं सांगितलं. शरीर हा रस स्वतः करतं. बाहेरून आयता मिळायला लागला की ते करायचं सोडून देतं. आयता मिळायचा एकदम थांबला की शरीराकडे काहीच उरत नाही. आता गोळी एकदम बंद करायची नाही, पाव-पाव करत महिनोन्‌महिने कमी करायची. चेहऱ्याची सूज त्यामुळेच, आणि साखरही त्यामुळेच.

"म्हंजे जाळ एकदम वढायचा न्हाय," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "साखर गोळीनं झाली?"

"गोळीनंच."

"गुळानं न्हाय?"

"तुम्ही गूळ खात होता का?"

"न्हाय."

"मग कशी गुळानं होईल?" डॉक्टर म्हणाला.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडे बघून वाटलं की ते आता दवाखान्यातून उठून थेट गावाला चालत जातील. आक्का पदरात तोंड घालून रडली. डॉक्टरनं कागद पुढं ओढला. "या गोळ्या चिठ्ठीशिवाय तुम्हाला कुणी दिल्या? दुकान कुठलं?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण तसं नसेल.

"बाजारातनं घेतल्या," ते म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर आक्का मला म्हणाली, "भाचं, आता तुमी गावात सांगा. आमचं कोण ऐकणार न्हाय. मामा तुमचं ऐकत्याल."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. मामांना साखर गोळीनं झाली म्हणून सांगायचं, तर गोळी दिली कुणी हेही सांगावं लागणार होतं. आणि "दे रे त्याला" म्हणणारे मामाच होते, म्हणजे त्यांच्याही पदरात माप टाकावं लागणार होतं. लायसन्स होतं, दुकान होतं, नुकतंच बहिणीचं लग्न ठरलं होतं. प्रत्येक वेळी काही ना काही होतं.

अण्णांची गोळी वर्षभरात सुटली. सूज उतरली, परत ते पहिल्यासारखे वाळके झाले. दम्यासाठी तोंडात फवारायचं औषध नुकतं मिळायला लागलं होतं, ते मी त्यांना द्यायचो, आता चिठ्ठीवर. साखर राहिली नाही म्हणण्याइतकी उतरली. काम मात्र कुणी दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. कधी कोल्हापूरला आले की बाकावर बसायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि निघता निघता विचारायचे, "भाचं, सांगितलंसा काय मामास्नी?"

"अजून नाही, अण्णा. सांगतो."

"सांगा. गडबड न्हाय."

असं दोन-तीन वर्षं झालं. नंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं. चहा घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे, जायचे. विचारत होते तोपर्यंत माझं बरं चाललं होतं.

ऐंशीनंतरच्या एका थंडीत ते झोपेतच गेले. रक्षाविसर्जनाला मी नदीकाठी गेलो. आमच्याकडे त्या दिवशी माणसाच्या आवडीचं जे असेल ते नैवेद्याबरोबर कावळ्यासाठी ठेवतात. आक्कानं बिनसाखरेचा चहा ठेवला होता. कुणीतरी, चेष्टेनं म्हणावं की खऱ्या मायेनं मला अजून कळलेलं नाही, शेजारी गुळाचा भलामोठा खडा ठेवला. कावळे बांधावर बसून राहिले, एकही पुढं येईना. वेळ जायला लागला तशी माणसं चुळबुळायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "जीव अडकलाय कशात तरी. कुणी काय सांगायचं राहिलं आसल तर सांगून टाका."

आक्का उठली. तिनं गुळाचा खडा उचलला आणि नदीत फेकला. "त्येनी कधी खाल्ला न्हवता," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मामा तिथं होते, सगळं गाव होतं. एका वाक्याचं काम होतं. मी खाली वाळूकडे बघत राहिलो. मग मामांनी अण्णांना हाक मारून सांगितलं की नातवंडांच्या शिक्षणाचं आम्ही बघू. कावळा नंतर शिवला म्हणे. मी तोवर थांबलो नाही.

मामा गेले, आक्का गेली, त्या पाडव्याला हसलेलेही बहुतेक गेले. दुकान विकून मला बरीच वर्षं झाली. आता हे कुणाला सांगायचं, असं मी स्वतःची समजूत घालून बसलो होतो. गेल्या महिन्यात अण्णांचा नातू घरी आला, विजय. कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. नवं घर बांधलंय, त्याच्या वास्तुशांतीची पत्रिका द्यायला आला होता. माझ्या सुनेनं गुळाची पोळी पुढं ठेवली, तर त्यानं ताटली मागं सारली.

"आमच्यात गूळ चालत न्हाय, आजोबा. घरात आणतच न्हाय आमी. आमचं आजोबा गुळानंच गेलं न्हवं. हाव हुती म्हणं त्यास्नी."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. गोल चेहरा, लाल गाल. शर्टाच्या कॉलरवर मान भरून आलेली.

"तुला दम्याचा त्रास आहे का रे?"

"हाय की. पण आता एकदम झकास. आठवडी बाजारात एकजण पुड्या देतो. झाडपाल्याच्या हायत, गोळीबिळी काय न्हाय. छातीत खिडकी उघडल्यागत वाटतंय बघा."

 मग मी त्याला सगळं सांगितलं. असल्या पुड्यांत बऱ्याचदा हीच गोळी कुटून घातलेली असते हे सांगितलं. उद्याच्या उद्या चांगल्या डॉक्टरकडे जा, पुडी दाखव, साखर तपास, आणि आपल्या मनानं ती एकदम बंद करू नकोस, डॉक्टर सांगेल तसतशी कमी कर, हे दोन-दोनदा सांगितलं. आणि त्याच्या आजोबांचं सांगितलं, काहिलीपासून नदीच्या वाळवंटापर्यंत. गोळ्या कुठून यायच्या तेही सांगितलं.

 मला वाटलं तो पुडीबद्दल विचारील, नाहीतर मला चार शब्द सुनावील. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि वडिलांना लावला, तेच ते, गुऱ्हाळ सोडून दूध संस्थेत गेलेले.

"पप्पा," तो म्हणाला, "आजोबांनी गूळ खाल्ला न्हवता."

 पलीकडून त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या आवाजातला प्रश्न मलाही ऐकू आला. "कोण म्हणतंय?"

विजयनं माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्याच्या आजोबांनी माझ्याकडे असंच बघितलं होतं.

"फोन माझ्याकडे दे," मी म्हणालो.